पोटात पाय आहेत, मंदपणा नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: समुद्रकाठी वाळूत शंखासकट फिरणाऱ्या जिवाला गोगलगाय म्हटलं तर चालेल का, आणि कवडीचं काय? चालेल. शंख हे घर, गोगलगाय घरमालकीण. दोन झाकणांचा तो शिंपला, त्याचं घराणं निराळं.

मला बोचतंय ते वेगळंच. आमच्या बडोद्यात मराठी माणूस सर्रास म्हणतो, 'रस्त्याचं काम गोगलगायीच्या गतीनं चाललंय.' अहो, ही गुजरातीतली 'गोकळगायनी गति'! सावकाशीला आपल्याकडे मुंगीची पावलं आहेत, कासव आहे. मराठी गोगलगाय मंद नव्हे, आतल्या गाठीची. 'गोगलगाय नि पोटात पाय': दिसायला गरीब, आतून बेरकी.

आणि गंमत बघा. १७९५ साली क्युव्हिए या फ्रेंच पंडितानं या अख्ख्या वर्गाला नाव दिलं गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पोडोस म्हणजे पायाचा. आपल्या आज्या जावांना जे टोमण्यात म्हणायच्या, तेच यानं ग्रीकमध्ये म्हटलं!

टोमणा किती नेमका आहे ते पुळणीवर कळतं. तिसरी म्हणजे दोन झाकणांचा खायचा शिंपला; तिच्या रिकाम्या शिंपल्या उचलून पाहा. एखादीला गिरमिटानं पाडल्यासारखं गोल, कडेला उतार दिलेलं भोक सापडेल. हे मून स्नेल नावाच्या गोगलगायीचं काम. वाळूखालून नांगरत येते, भलामोठा पाय तिसरीभोवती लपेटते, आम्लानं कवच मऊ करून दातेरी जिभेनं खरवडते आणि भोकातून सोंड घालून आतला जीव फस्त करते. तिला हात लावा: शंखावरही पसरलेला तो पाय पाणी सोडत आत जातो, दार बंद. पोटात पाय!

राहिली व्युत्पत्ती. कुणी 'गॉगल'वरून सांगतात. त्यांनी गॉगल काढून म्हण वाचावी. हिंदीतल्या 'घोंघा'वरून (म्हणजे गोगलगायच) सांगणाऱ्यांना 'गाय' कुठून आली ते सांगता येत नाही. माझा तर्क: गुजराती 'गोकळगाय' तीच आपली गोगलगाय, 'क'चा 'ग' झाला. गोकळ म्हणजे गोकुळ. गोकळआठम, म्हणजे आपली गोकुळाष्टमी, येते श्रावणात, आणि अंगणात शिंगं रोखून हीही निघते पावसातच. म्हणून ती गोकुळाची गाय. म्हणजे शब्दात मराठी-गुजराती दोघे शेजारी, भांडण फक्त गतीवरून.

हो, कवडी. तीही गोगलगायच.