चेंजलिंगने रूप बदललं, पण कपड्यांचं काय?

प्रश्न: डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका वठवायचा खेळ खेळताना माझा चेंजलिंग (हवं ते रूप घेऊ शकणाऱ्या वंशातलं पात्र) पहारेकऱ्याचं रूप घेऊन किल्ल्यात शिरला आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणाला पकडला गेलास, हे बरोबर आहे का?

उत्तर: अंगावर कपडे कुठले होते? खेळाच्या पाचव्या आवृत्तीत चेंजलिंगचा चेहरा, आवाज, उंची, वजन सगळं एका ॲक्शनमध्ये (आपल्या पाळीतल्या एका कृतीत) बदलतं पण कपडे नि सामान आहे तसंच राहतं, म्हणजे वर्दी आधी मिळवायलाच हवी. डिसगाईज सेल्फ या वेषांतराच्या मंत्रात कपडेही बदललेले दिसतात पण तो नुसता भास, तासभरच टिकतो आणि खोट्या टोपीला हात लावला की आरपार जातो. तुमचं अंग मात्र खरंच बदलतं, कुणी चाचपलं तरी कळत नाही, मला हेच जाम आवडतं. आणि हो, विशिष्ट माणसाचं रूप घ्यायचं तर त्याला आधी पाहिलेलं पाहिजे.