बसमध्ये क्लॉडेट एकटी नव्हती

मी समुपदेशक. फेब्रुवारी आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून मला हमखास फोन येतात. तिथल्या शाळांत हा महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये आठवडाभरासाठी सुरू केलेला हा उपक्रम पुढे महिन्याचा झाला. मुलं तक्ते बनवतात, भाषणं करतात आणि एखाद्या रात्री आईला म्हणतात, "मी काहीच नाही गं." एवढं प्रेरणादायी वाचून मूल खचतं कसं, हे घरच्यांना उमगत नाही.

ही मुलगी न्यू जर्सीतली, पंधरा वर्षांची. आई म्हणाली, "ताई, भिंतभर त्या लोकांचे फोटो लावलेत आणि स्वतः उशीत तोंड खुपसून रडते." बाबांचं दुखणं निराळं होतं. "आपल्याकडे थोर माणसं कमी आहेत का?"

बाबांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. त्यावर बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून मुलीला व्हिडिओ कॉल लावून द्यायला मात्र तेच येऊ लागले.

पहिले काही आठवडे ती हो-नाहीपलीकडे गेली नाही. मग एकदा अचानक म्हणाली, "मावशी, क्लॉडेट कॉल्व्हिन माझ्याएवढीच होती."

२ मार्च १९५५, अलाबामातलं माँटगोमेरी. बसमध्ये गोऱ्या बाईसाठी जागा सोडायला पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय क्लॉडेटने नकार दिला. पोलिसांनी तिला बसमधून ओढून काढलं, बेड्या घातल्या. अशाच नकारासाठी जगभर गाजलेल्या रोझा पार्क्स यांचा प्रसंग घडला तो नंतर, नऊ महिन्यांनी.

"आणि तू?"

"मी हसले."

वर्गात घानाहून आलेली एक नवी मुलगी होती. कँटीनमध्ये तिने डबा उघडला, टेबलावरच्या सगळ्यांनी नाकं दाबली, आणि हीसुद्धा त्यांच्यासोबत हसली.

"वास कसला होता?"

बराच वेळ ती बाहीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. "सुकटीचा. मालवणला आजीकडे येतो, अगदी तसाच."

अशा वेळी 'असू दे गं, होतं असं' म्हणणं सोपं असतं. मी ते म्हणत नाही. घडलं ते चुकीचंच होतं, ते तसंच राहू दिलं. मी शोधत होते तिच्या पुढच्या वाक्यातला 'च'. "मला तेव्हा बोलताच यायला हवं होतं." माणूस या 'च'ला लटकून स्वतःला फटके मारत राहतो आणि दुरुस्ती तेवढी राहून जाते. इतक्या वर्षांत मी हा 'च' लहानथोर सगळ्यांच्या तोंडून ऐकला आहे.

मी विचारलं, "त्या दिवसाआधी क्लॉडेट काय करत होती?"

मागे निळ्या चिकटपट्टीने लावलेला तिचाच तक्ता होता. उठून ती स्वतःचं अक्षर वाचायला लागली. शाळेत फेब्रुवारीभर आपल्या लोकांचा इतिहास शिकवत होते. आणि क्लॉडेटनेच पुढे सांगितलं होतं की बसमध्ये एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा हात आहे, दुसऱ्यावर सोजर्नर ट्रुथचा, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या या दोघी तिला खाली दाबून बसवताहेत, असं तिला वाटलं.

"मग त्या सीटवर किती जणी होत्या?"

ती तक्त्याकडे पाहत राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. कितीतरी वेळाने पाठमोरीच म्हणाली, "तीन."

त्या 'तीन'ने मलाही शिकवलं. तोवर मीसुद्धा मुलांना थोरांचा तो एकच क्षण सांगत आले होते. रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही गोष्ट मीही सांगितली आहे. खरं तर त्या बेचाळीस वर्षांच्या, १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत काम करणाऱ्या, त्याच उन्हाळ्यात टेनेसीत प्रशिक्षण घेऊन आलेल्या कार्यकर्त्या होत्या. आणि क्लॉडेट? चळवळीने तिला आपला चेहरा केलं नाही. तरी ज्या खटल्याने १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बसमधला भेद संपवला, त्यात दावा लावणाऱ्या चौघींपैकी ती एक होती. पुढची कित्येक वर्षं तिने न्यूयॉर्कमध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम केलं.

म्हणून पालकांना कळकळीने सांगते, 'बघ, तुझ्या वयात ती काय करत होती' हे वाक्य तेवढं टाळा. त्या क्षणाच्या आदल्या वर्षी ती काय करत होती, सोबत कोण होतं, तिला किंमत काय मोजावी लागली, हे मुलांबरोबर बसून शोधा. आणि कँटीन म्हणजे माँटगोमेरी नव्हे, हेही सांगा. तिथे बेड्या होत्या. दोन्ही एकाच मापाने मोजलं तर क्लॉडेटवर अन्याय होतो आणि आपल्या मुलावरही.

कॉल संपवताना मी तिला विचारलं, "तुझ्या खांद्यावर कोण?"

"क्लॉडेट," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि आजी."

दुसऱ्या सोमवारी ती त्या मुलीच्या टेबलावर जाऊन बसली. हसल्याबद्दल माफी मागितली, आमच्या आजीकडे असाच वास येतो म्हणाली. ती मुलगी काही बोलली नाही, जेवत राहिली. मंगळवारीही नाही. गुरुवारी तिने एक छोटी बरणी हिच्याकडे सरकवली.

"शिटो म्हणतात त्याला, मावशी. काळी चटणी असते. आजीच्या सुकटीपेक्षा तिखट आहे."