वाचकांचे प्रश्न : सायप्रसची फाळणी नेमकी केव्हा झाली?

प्रश्न : आमच्या वाचनालयात सायप्रसविषयी चर्चा निघाली, तेव्हा एका सदस्याने १९७४ च्या तुर्की लष्करी कारवाईमुळे बेटाचे दोन तुकडे झाले असे सांगितले, तर दुसऱ्याने ग्रीक आणि तुर्क यांचे वैर शेकडो वर्षांचे असल्याचे म्हटले. यांतले खरे काय समजावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोन्ही मते अपुरी आहेत, आणि दुसरे तर माझ्या मते चुकीचेच आहे. १५७१ मध्ये उस्मानी तुर्कांची सत्ता आल्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती (म्हणजे ग्रीक) आणि मुसलमान (म्हणजे तुर्क) शेतकरी शेजारी राहत आले, ग्रीक सहज बोलणारे तुर्क पुष्कळ होते आणि १९६० मध्येही मिश्र वस्तीची शंभराहून अधिक गावे शिल्लक होती. जसे इंदुरात घरी मराठी आणि बाजारात हिंदी किंवा माळवी चालते, तसाच हा व्यवहार होता.

१८७८ मध्ये इंग्रजांचा कारभार सुरू झाल्यावर मात्र दोन्ही समाजांच्या शाळा वेगळ्या राहिल्या आणि मुले अनुक्रमे ग्रीस व तुर्कस्तान यांच्या धर्तीवरील अभ्यासक्रम शिकू लागली. ग्रीकांत ग्रीसमध्ये विलीन होण्याची मागणी जोर धरू लागली. १९५५ मध्ये ‘इओका’ या संघटनेने त्यासाठी शस्त्र उचलले, तेव्हा इंग्रजांनी साहाय्यक पोलीस दलात मोठ्या प्रमाणावर तुर्कांची भरती केली आणि स्वातंत्र्याचा लढा जातीय संघर्षाकडे वळला. तुर्क पुढाऱ्यांनी प्रत्युत्तरादाखल फाळणीची मागणी पुढे केली.

१६ ऑगस्ट १९६० रोजी मिळालेले स्वातंत्र्य दोघांनाही नको असलेल्या तडजोडीवर उभे होते. सुमारे अठरा टक्के असलेल्या तुर्कांना सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के वाटा आणि महत्त्वाच्या विषयांत नकाराधिकार देणारी राज्यघटना ग्रीकांना अन्यायाची वाटली, तुर्कांना ती आपले एकमेव कवच वाटली. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी तेरा घटनादुरुस्त्या सुचवल्या, डिसेंबरात दंगली पेटल्या, आणि एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने राजधानी निकोसियाच्या नकाशावर दोन्ही समाजांना वेगळे करणारी रेघ हिरव्या पेन्सिलीने ओढली. सुमारे पंचवीस हजार तुर्क घरे सोडून वेढलेल्या वस्त्यांत कोंडले गेले. माझे उत्तर म्हणून हेच, की फाळणीची सुरुवात १९६३ ची आहे. तेथे १९६४ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आहे. तिचे नेतृत्व करताना आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसमध्येच निवर्तले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

१९७४ ने त्या रेघेची सीमा केली. १५ जुलैला अथेन्सच्या लष्करी राजवटीने मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव घडवला, पाचच दिवसांनी तुर्की सैन्य उतरले, आणि ऑगस्टअखेर बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे आले, दक्षिणेतील तुर्क उत्तरेकडे गेले. म्हणूनच ग्रीक आपल्या दुःखाचा हिशेब १९७४ पासून मांडतात आणि तुर्क १९६३ पासून. दोघांचेही दुःख खरे आहे, आणि एकाचेच वर्ष धरणाऱ्याला अर्धा इतिहास मिळतो.

उत्तरेतील तुर्कांनी १९८३ मध्ये जाहीर केलेले स्वतंत्र राज्य केवळ तुर्कस्तान मानतो. २००४ मध्ये एकीकरणाच्या योजनेला तुर्कांनी ६५ टक्के मतांनी होकार दिला, ग्रीकांनी ७६ टक्क्यांनी नकार. आठवड्याभरात संपूर्ण बेट कागदोपत्री युरोपीय संघात गेले, पण उत्तरेत संघाचे कायदे आजही स्थगित आहेत.