खारपाणपट्ट्यात काम सुरू करताना

सळईच्या गंजावरच्या प्रबंधासाठी दर्यापूरकडचे पूल घेतलेस, बरं केलंस. पण आधी पाणी तपास. समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे म्हणून इथे सळई गंजवणाऱ्या क्लोराइडचा (मिठातल्या क्षाराचा) प्रश्नच नाही, असं धरून चालू नकोस. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, विहिरी-बोअरचं पाणीच खारट. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये कालवायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बांधकामाला पाणी कुठून आणलं, ते गावातल्या जुन्या मिस्त्रीला विचार. कागदात नसतं ते त्याला आठवतं, असा माझा अनुभव आहे.

हाफ-सेल (सळईचं विद्युत विभव मोजणारं उपकरण) लावण्याआधी पृष्ठभाग ओला कर, सळईशी जोडणी पक्की आहे का ते मल्टीमीटरने बघ. त्यातल्या कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. गंजाचा वेग मात्र त्यातून कळत नाही, तसं प्रबंधात लिहू नकोस.

आणि मे महिन्यात भर दुपारी काँक्रीटची रोधकता (विजेला होणारा विरोध) मोजू नकोस रे. तापलेलं काँक्रीट रोधकता कमी दाखवतं. सकाळी लवकर जा, प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिही.

फिनॉल्फ्थॅलिन (काँक्रीटची अल्कता दाखवणारं रंगद्रव्य) ताज्या फोडलेल्या भागावरच फवार. गुलाबी न होणारा, म्हणजे अल्कता गेलेला, थर पट्टीने मोजून घे.