शोधनिबंध ‘सामायिक’ होतात का?

पवईतल्या एक वाचक संगणक क्षेत्रात काम करतात. त्यांच्या कार्यगटाचं इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं. त्यात हे वाक्य आलं : ‘सर्वसाधारण ऑन्टॉलॉजी मानकाच्या सहविकासादरम्यान सदस्यांनी शोधनिबंध सामायिक केले.’ (ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संज्ञा आणि त्यांच्यातले संबंध यांची संगणकासाठी केलेली मांडणी.) ‘सामायिक केले’ बरोबर, की ‘वाटले’, असं त्या विचारतात.

मला दोन्ही खटकतात, पण कारणं वेगळी आहेत.

‘सामायिक’ हे आपल्याकडे मालकीचं विशेषण. सातबाऱ्यावरची सामायिक जमीन, दोन घरांमधली सामायिक भिंत, चाळीतला सामायिक नळ आणि त्यावरची भांडणं. वस्तू एक, हक्कदार अनेक. सीईटीला ‘सामायिक प्रवेश परीक्षा’ म्हणतात तेव्हा अर्थ ‘सगळ्यांना मिळून एकच’ एवढा सैल होतो, पण शब्द विशेषणच राहतो. त्याला ‘करा’ची शेपटी लावून तो घरोघरी नेला मोबाइलमधल्या मराठी मेनूंनी. आता कुणी तिसऱ्याचाच निबंध गटाला पाठवला, तर तो गटाच्या मालकीचा होतो का? हक्क लेखकाकडे नाहीतर प्रकाशकाकडेच राहतो. गटात खरोखर सामायिक असतो तो मानकाचा मसुदा, ज्यावर सगळ्यांनी हात फिरवलेला असतो. म्हणजे शब्द चांगला आहे, चुकीच्या नामाला चिकटलाय.

‘वाटणे’त वस्तू देणाऱ्याकडून जाते. पेढे वाटले की पुडा रिकामा, जमीन वाटली की तुकडे. पीडीएफ पाठवली तरी आपल्याकडे जशीच्या तशी असते. छापील प्रती हातात दिल्या असतील तर ‘प्रती वाटल्या’ अगदी योग्य. ‘पेपर वाटले’ मात्र नकोच. आपल्याकडे पेपर परीक्षेच्या वर्गात वाटतात, आणि अधूनमधून ते फुटतात.

गंमत अशी की निबंध आणि प्रत यांतला हा फरक त्यांच्या विषयाच्या पोटातलाच आहे. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यगटात सर्व विषयांना पुरेल अशी वरच्या पातळीची ऑन्टॉलॉजी उभी करण्याचं काम सुरू होतं, त्यातून ‘सुमो’ नावाची ऑन्टॉलॉजी पुढे आली. 2001 साली इयन नाइल्स आणि अ‍ॅडम पीझ यांनी तिच्यावर निबंध मांडला. सुमोत सगळ्या अस्तित्वाचे पहिले दोन फाटे भौतिक आणि अमूर्त. मजकूर वाहणारी वस्तू भौतिकात जाते, तिच्यातला आशय अमूर्तात, आणि दोघांना जोडायला वेगळा संबंध ठेवलेला आहे. या हिशेबाने पाठवली जाते ती प्रत. पोचतो तो आशय. ‘शेअर’ दोन्ही एका दमात उरकतो, म्हणून मराठीत आणताना आपली तारांबळ उडते.

जाता जाता : ‘सर्वसाधारण’ काढाच. त्याला सोसायटीच्या वार्षिक सभेचा वास येतो, शिवाय ‘सर्वसाधारण मानक’ म्हणजे बेताचं मानक असंही कुणी वाचेल. ‘ऑन्टॉलॉजी’ला ‘सत्तामीमांसा’ सुचवणारे भेटतील. तत्त्वज्ञानात ते ठीक, पण ती एक विद्याशाखा झाली. इथे संज्ञा आणि संबंधांची रचना आहे, अशा रचना अनेक असतात आणि त्यांची फाइल बनते. ऑन्टॉलॉजीच राहू द्या.

मी असं लिहीन : ‘सर्व विषयांना पुरेल अशा ऑन्टॉलॉजीचं मानक मिळून तयार करताना सदस्यांनी एकमेकांना शोधनिबंध पाठवले.’ सामायिक फोल्डरमध्ये ठेवले असतील तर ‘सर्वांना उपलब्ध करून दिले’. बोलताना खुशाल ‘शेअर केले’ म्हणा, मीही तसंच म्हणतो. पण उद्या कुणी निबंधाच्या हक्काचा प्रश्न काढला, तर इतिवृत्तच उघडलं जाईल, आणि तिथे ‘सामायिक’ सापडलेलं बरं नव्हे.