मुलीचा प्रकल्प तिच्यावरच उलटवू नका

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बहात्तर टक्के आहेत आणि तिला टीव्हीसाठी विनोदी स्किट लिहायची आहेत. तिने अमेरिकी विनोदवीर सिड सीझर यांच्यावर प्रकल्प केला. तो वाचून तुम्ही लिहिता, 'एवढा मोठा माणूस पस्तिशीत संपला, हिचं काय होणार? हिला एमबीएला वळवा.' शिवाय सीईटी होईपर्यंत लिखाण बंद, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

मार्कांची मला काळजी नाही, या कबुलीची आहे. शिकायच्या वयात वही मिटायला लावणं ही शिस्त नव्हे, शिक्षा झाली. तुमच्या चार पानी पत्रात तिच्या एकाही स्किटचा उल्लेख नाही. एक तरी वाचलंत का?

आता सीझर. त्यांचा विनोदी कार्यक्रम 'युअर शो ऑफ शोज' एनबीसी या अमेरिकी चॅनेलवर १९५० ते १९५४ चालला: शनिवारी रात्री, दीड तास, सगळं लाइव्ह. मग चॅनेलने सीझर आणि त्यांची सहकलाकार इमोजीन कोका यांची जोडी फोडली. सीझर यांचा पुढचा कार्यक्रम 'सीझर्स अवर' १९५७ मध्ये बंद झाला. जानेवारी १९५८ मध्ये कोकाला परत आणून एबीसी या दुसऱ्या चॅनेलवर अर्ध्या तासाचा 'सिड सीझर इनव्हाइट्स यू' काढला, तो मे महिन्यातच गुंडाळला. दीड तासात रंगणारी माणसं अर्ध्या तासात आखडली. दरम्यान टीव्ही मोठ्या शहरांतून गावोगाव पोचला होता. परदेशी चित्रपटांची विडंबनं न्यूयॉर्कला कळत, त्यांवर गावात कोण हसणार? त्यात दारू आणि गोळ्या. ते सीझरनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय.

पण यावरून 'विनोदात करिअर टिकत नाही' हा निष्कर्ष चूक आहे. ओसरली ती पडद्यावरच्या नटाची लाट. सीझर यांचे कार्यक्रम लेखकांच्या ज्या खोलीत लिहिले जात, तिथले मेल ब्रूक्स चित्रपटांत गेले, नील सायमन ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजले. कार्ल रायनर यांनी १९६१ मध्ये 'द डिक व्हॅन डाइक शो' आणला, तोही टीव्हीच्या विनोदी लेखकांवरच! लॅरी गेलबार्ट यांनी १९७२ मध्ये 'मॅश' ही लष्करी रुग्णालयावरची विनोदी मालिका टीव्हीवर आणली. तुमच्या मुलीला नेमकं या खोलीत बसायचंय, आणि तुम्ही तिला नटाचं भविष्य सांगताय.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं पटकथालेखन, पुण्याचंच ललित कला केंद्र, पदवीनंतर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) हे रस्ते तिला माहीत असतीलच. त्याआधी तिने दहा स्किट लिहावीत, प्रत्येकी तीन-चार पानं. एक पान साधारण एक मिनिट. स्किटमध्ये विचित्र गोष्ट एकच असावी, ती पहिल्या अर्ध्या पानात कळावी, मग निदान तीनदा चढत जावी. नवख्यांचं स्किट बहुतेकदा इथेच कोसळतं: दुसऱ्या पानावर दुसरी कल्पना सुचते आणि पहिली सुटते. दुसरा घोळ पात्रांचा. तिघांत होईल ते सहा जणांत वाटून कुणालाच हशा मिळत नाही. मोठ्याने वाचून घड्याळ लावावं. दहातली तीन ठेवावीत, बाकी बाजूला. बाहेर पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदणी, आणि करारात तीन गोष्टी: श्रेयनाम, प्रत्येक खर्ड्यामागे पैसे, पुनर्वापराचे हक्क.

सीईटी तिला द्यायची असेल तर देऊ दे, पण ती कबुली आजच मागे घ्या. आणि ती तीन स्किट मला पाठवण्याआधी तुम्ही वाचा.