फँटसी बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये कॅचरची क्रमवारी कशी लावावी? कितव्या फेरीत घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या बारा जणांच्या फँटसी लीगमध्ये (ड्राफ्टमध्ये फेरीफेरीने खऱ्या खेळाडूंमधून आपापला संघ निवडायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे) पहिल्यांदाच उतरताय, क्रिकेट चांगलं कळतं, बेसबॉल दोन वर्षांपासून बघताय, आणि प्रत्येक यादीत कॅचरचा (म्हणजे बेसबॉलमधल्या विकेटकीपरचा) क्रम वेगळा दिसतो म्हणून गोंधळ उडालाय. मी न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं अशा लीगमध्ये खेळतोय. कॅचर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी लीगचे नियम उघडा आणि प्रत्येक संघाला एक कॅचर लागतो की दोन, ते बघा. बाकी सगळं यावर ठरतं. मेजर लीगमध्ये (बेसबॉलची सर्वोच्च व्यावसायिक लीग) संघ ३०, म्हणजे रोज खेळणारे कॅचर फार तर तीसच. बारा जणांनी एकेक घेतला तर बारा गेले. उरलेल्यांतून बरा कॅचर हंगामभर कधीही उचलता येतो. दोन-दोन घ्यायचे असतील तर चोवीस जातात, आणि तेविसावा-चोविसावा कॅचर बघितलात की घाबरायला होतं. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणारा, ०.२१० च्या आसपास मारणारा, म्हणजे शंभर खेपांत जेमतेम एकवीस हिट्स देणारा गडी असतो तो.

म्हणून माझी क्रमवारी खालून सुरू होते. तुमच्या लीगमध्ये सगळ्यात शेवटी जो कॅचर निवडला जाईल, तो शून्य धरायचा. त्याच्यापेक्षा एखादा किती होमरन, धावा, आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाच्या झालेल्या धावा), चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले) जास्त देतो आणि अ‍ॅव्हरेज किती सांभाळतो, तेवढीच त्याची किंमत. एका कॅचरच्या लीगमध्ये पहिला आणि बारावा यांत फरक असतो, पण दुसरा आणि बारावा यांतला फरक वाटतो तेवढा नसतो. दोन कॅचरच्या लीगमध्ये मात्र आठवा कॅचरसुद्धा खूप काही देऊन जातो. याद्यांमधला गोंधळ बराचसा इथेच आहे: कोणती यादी कोणत्या लीगसाठी लिहिली आहे, हे बघितलंच जात नाही.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तो किती वेळा बॅटिंगला येणार? हंगाम १६२ सामन्यांचा. चांगला फर्स्ट बेसमन दीडशे खेळतो, कॅचर बहुतेक करून एकशे दहा ते एकशे तीस. रविवारी दुपारी सामन्याआधी लाइनअप बघत जा. शनिवारी रात्री सामना झालेला असतो, दुपारी लगेच दुसरा, आणि कॅचरच्या जागी हटकून राखीव गड्याचं नाव असतं. मी एकदा स्टेडियममध्ये होम प्लेटच्या मागे जवळ बसलो होतो. बॅटला चाटून आलेला चेंडू कॅचरच्या मास्कवर बसला, तो आवाज अजून कानात आहे. अंपायर मुद्दाम ब्रश काढून स्वच्छच असलेली प्लेट झाडत राहिला, कॅचरला सावरायला वेळ मिळावा म्हणून. अशी जागा आहे ही. डॉजर्सच्या विल स्मिथचं बघा: २०२५ मध्ये ०.२९६ मारत होता, सप्टेंबरात हातावर चेंडू बसून हाडाला चीर गेली. पुढे त्यानेच वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला होमरन मारून संघाला पुढे नेलं, पण आपल्या लीगचा निकाल तर सप्टेंबरातच लागतो.

म्हणून ज्या दिवशी कॅचिंग करत नाही त्या दिवशीही बॅटिंग करणारा कॅचर शोधा. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही भागांत (अमेरिकन आणि नॅशनल लीग) डीएच, म्हणजे फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, आहे, त्यामुळे ज्याची बॅट संघाला हवी असते त्याला विश्रांतीच्या दिवशी डीएच म्हणून खेळवतात. सिअ‍ॅटलच्या कॅल रॅलीने २०२५ मध्ये १५९ सामने खेळले, ते असेच. यँकीजचा बेन राइस बराचसा फर्स्ट बेसवर आणि अधूनमधून कॅचर म्हणून खेळतो; २०२५ मध्ये त्याचे २६ होमरन होते. तुमची लीग ज्या साइटवर आहे तिच्या नियमात तो कॅचर म्हणून बसत असेल तर माझ्या मते तो सोन्यासारखा आहे. किती सामने खेळल्यावर कोणती जागा मिळते, हा नियम प्रत्येक साइटचा वेगळा असतो, तो नक्की तपासा.

क्रिकेटवाल्या माणसाला एक सवय मोडावी लागते. आपण विकेटकीपर आधी ग्लोव्ह्जवरून जोखतो. इथे उत्तम कॅचिंगला एक गुणसुद्धा मिळत नाही. तरी ते पूर्ण विसरू नका, कारण चांगलं कॅचिंग करणाऱ्याला मॅनेजर बॅट चालत नसतानाही खेळवत राहतो. मायामीच्या अगुस्तिन रामिरेझने २०२५ च्या पदार्पणात २१ होमरन मारले, १६ बेस चोरले, आणि कॅचरकडून चोरलेले बेस म्हणजे दुर्मीळ गोष्ट. पण त्याचं कॅचिंग कच्चं आहे. २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही या) निर्णयाला मैदानावरच आव्हान देता येतं, त्यामुळे ग्लोव्ह हलवून स्ट्राइक मिळवण्याच्या कसबाची किंमत थोडी उतरेल आणि बॅट चालणाऱ्यांना जास्त संधी मिळेल, असा माझा कयास आहे.

अ‍ॅव्हरेजकडे लोक दुर्लक्ष करतात, तिथे मी स्वतः पोळलोय. एका वर्षी दोन कॅचरच्या लीगमध्ये शेवटच्या फेरीत मी एक होमरनवाला उचलला, अ‍ॅव्हरेज बघितलंच नाही. तो ०.२०० वर अडकला. हिशेब करून बघा (अ‍ॅट-बॅट म्हणजे बॅटिंगची मोजली जाणारी एक खेप): ४०० अ‍ॅट-बॅट्समध्ये ०.२०० आणि ०.२७० यांत २८ हिट्सचा फरक पडतो. तुमच्या सगळ्या बॅटरचे मिळून सात हजार अ‍ॅट-बॅट्स धरले, तर एकट्या त्या माणसामुळे संघाचं अ‍ॅव्हरेज ०.००४ ने खाली येतं. आमच्या लीगमध्ये प्रत्येक आकड्यात संघांच्या क्रमाप्रमाणे गुण मिळत; तेवढ्यात माझे अ‍ॅव्हरेजचे तीन गुण गेले आणि दोन गुणांनी पहिला नंबर हुकला. तो हंगाम मला अजून सलतो.

आता नावं, २०२५ चे आकडे धरून. रॅली एकटा वर. ६० होमरन, १२५ आरबीआय. साल्वादोर पेरेझचा २०२१ मधला कॅचरचा ४८ होमरनचा विक्रम तर मोडलाच, मिकी मँटलचा १९६१ पासूनचा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या बॅटरचा ५४ चा विक्रमही मोडला. पण किंमत ६० ची मोजू नका. २०२४ मध्ये त्याचे ३४ होते आणि अ‍ॅव्हरेज ०.२२०. मी चाळीस होमरन धरूनच त्याची फेरी ठरवेन आणि कोणी त्याआधीच घेतला तर सोडून देईन.

त्याच्यामागे माझा क्रम असा: मिलवॉकीचा विल्यम कॉन्ट्रेरास, कारण तो खेळतो खूप आणि वर बॅटिंग करत असल्याने धावा देतो (२०२४ मध्ये ९९). मग अ‍ॅथलेटिक्स (ए'ज) संघाचा शे लँगेलिअर्स आणि कोलोराडोचा हंटर गुडमन, दोघांचेही ३१ होमरन आणि अ‍ॅव्हरेजही ०.२७५ च्या वर. गुडमन डेन्व्हरच्या एक मैल उंचीवरच्या विरळ हवेत खेळतो, हे त्याच्या बाजूने. त्यानंतर राइस, मग अटलांटाचा ड्रेक बाल्डविन, २०२५ चा नॅशनल लीगमधला सर्वोत्तम नवोदित. मग स्मिथ. पेरेझ पस्तिशीतही ३० होमरन आणि १०० आरबीआय देऊन गेला, फक्त अ‍ॅव्हरेज ०.२३६ आहे. नाव बघून फसू नका असं मी बाल्टिमोरच्या अ‍ॅडली रचमनबद्दल सांगेन. २०१९ मध्ये मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला खेळाडू, मला मनापासून आवडतो, पण २०२५ दुखापतींत गेलं. तो खाली घसरला तर घ्या, वर जाऊन घेऊ नका.

फेरीचं विचारलंत. एक कॅचर असेल तर रॅली सोडून कोणालाही पहिल्या आठ फेऱ्यांत हात लावू नका. चांगला आउटफिल्डर घ्या, पिचर घ्या. वरच्या सात-आठ जणांतले शेवटचे दोन उरले की तेव्हा एक उचला. दोन असतील तर पहिला सहाव्या-सातव्या फेरीत घ्या आणि दुसऱ्यासाठी असा माणूस बघा, जो होमरन कमी मारेल पण ०.२६० च्या खाली जाणार नाही. ड्राफ्टच्या आदल्या रात्री स्प्रिंग ट्रेनिंगमधल्या (हंगामाआधीच्या सरावातल्या) दुखापतींच्या बातम्या मात्र स्वतः वाचा. बोटाला पट्टी, गुडघ्याला सूज, असं काही कॅचरच्या नावापुढे दिसलं की मी त्याला चार जागा खाली नेतो.

लीग एका कॅचरची आहे की दोन, आणि अ‍ॅव्हरेज मोजतात की ऑन-बेस पर्सेंटेज (हिटने किंवा वॉकने बेसवर पोचण्याचं प्रमाण), एवढं कमेंटमध्ये कळवा. ऑन-बेस असेल तर वरचा क्रम बदलतो. रॅलीला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा मोफत फर्स्ट बेस) भरपूर मिळतात, त्यामुळे तिथे तो आणखी वर जातो आणि वॉक कमी घेणारा पेरेझ बराच खाली.